कला मंडळाचं पडून असलेलं डोमेन: ठेवायचं, सोपवायचं की सोडायचं? पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

इंदूरच्या आमच्या चित्रकला मंडळाची वेबसाइट बंद पडली, पण डोमेनचे, म्हणजे तिच्या नोंदवलेल्या पत्त्याचे, पैसे दरवर्षी भरावे लागतात. बैठकीत कुणी ना कुणी म्हणतंच, "सोडून द्या ना आता." मला ते पटत नाही. देवलालीकर कला वीथिकेतल्या आमच्या प्रदर्शनांच्या निमंत्रणांवर हाच पत्ता छापलेला आहे. डोमेन सुटलं की ते कुणीही घेऊ शकतं, आणि उद्या त्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसली तर नाव आमचंच खराब होईल. त्याहून मोठा धोका ईमेलचा. त्या डोमेनच्या ईमेलवर मंडळाचं फेसबुक किंवा बँकेचं खातं जोडलेलं राहिलं, तर नवा मालक पासवर्ड बदलून घेऊन आत शिरू शकतो.

म्हणून काहीही ठरवण्याआधी डोमेन नक्की कुणाच्या नावावर आहे ते पाहा. डोमेन कुणाचं ते दाखवणाऱ्या सार्वजनिक 'हूइज' नोंदीत 2018 पासून व्यक्तीचे तपशील बहुधा झाकलेले असतात. तेव्हा रजिस्ट्रारच्या (डोमेन जिच्याकडे नोंदवलं त्या कंपनीच्या) खात्यात जाऊन 'रजिस्ट्रंट', म्हणजे नोंदणीधारक, हा रकाना वाचा, जुनी बिलं काढा. बहुतेक मंडळांत तिथे त्या वेळी धावपळ करणाऱ्या एखाद्या सभासदाचं नाव निघतं. पैसे मंडळाने भरले असले, तरी रजिस्ट्रारच्या लेखी मालक तोच.

पात्रतेची अडचण फारशी नाही. डॉट ऑर्ग आणि निक्सी ही संस्था चालवते ते डॉट इन, दोन्ही कुणालाही घेता येतात. डॉट एसी डॉट इन मात्र शिक्षणसंस्थांसाठीच असतं.

मंडळाच्या नावावर करायचं असेल तर ही कागदपत्रं हाताशी ठेवा: मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम 1973 खालचं नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेचं पॅन, कार्यकारिणीचा ठराव (कोणत्या पदाधिकाऱ्याला अधिकार दिला ते त्यात स्पष्ट हवं) आणि त्या पदाधिकाऱ्याचं ओळखपत्र. आधीच्या मालकाची संमती त्याच्या नोंदवलेल्या ईमेलवरूनच गेलेली बरी. तो हयात नसेल तर मृत्यू दाखला आणि वारसांचं संमतिपत्र मागितलं जातं. अशा वेळी घरच्यांकडे कागद मागायला फोनवर नको, घरी जाऊन बसा. मंडळ नोंदणीकृत नसेल तर डोमेन एका व्यक्तीच्याच नावावर राहील. ते मंडळासाठी सांभाळलं आहे, एवढं तरी तिच्याकडून लिहून घ्या.

अर्ज रजिस्ट्रारच्या खात्यातूनच होतो. नाव बदलणं आणि रजिस्ट्रार बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि इथे क्रम चुकला की महिने जातात. डॉट ऑर्ग, डॉट कॉममध्ये मालकाचं नाव किंवा ईमेल बदललं की रजिस्ट्रार बदलण्यावर सहसा 60 दिवसांचं कुलूप लागतं. त्यामुळे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जायचंच असेल तर आधी खात्यातलं बदली रोखणारं कुलूप उघडा, ऑथ कोड म्हणजे बदलीचा गुप्त संकेत मागा (तो 5 दिवसांत द्यावाच लागतो), बदली पूर्ण होऊ द्या आणि मग नाव बदला. बदलीबरोबर सहसा एका वर्षाची मुदतही वाढते. दुसऱ्या एखाद्या कलासंस्थेला डोमेन द्यायचं असेल तरी हाच मार्ग. फक्त ठरावात घेणाऱ्या संस्थेचं नाव घाला.

आणि खरंच सोडायचं ठरलं, तर आधी प्रत्येक खात्याचा ईमेल बदला. चित्रांची पानं अजून उघडत असतील तर ती इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं साठवणाऱ्या सेवेवर) जतन करा आणि नूतनीकरणाची आपोआप होणारी वसुली बंद करा. मन बदललं तर थोडा वेळ हातात असतो. डॉट ऑर्गसारख्या डोमेनची मुदत संपून नोंद काढली गेली, तरी पुढचे 30 दिवस ते जादा शुल्क भरून परत मिळवता येतं. त्यानंतर 5 दिवसांनी ते सगळ्यांसाठी खुलं होतं.

आमच्या मंडळाने ते ठेवायचं ठरवलं आहे. संपण्याची तारीख इतिवृत्तात लिहिली आहे, आणि आठवणीचा ईमेल आता अध्यक्ष व कोषाध्यक्ष दोघांकडे जातो.