स्वावलंबन सेवा (ग्रामीण ख्रिस्ती काम, सातारा-सांगली)

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या खेड्यांत चर्चच्या, किंवा चर्चमधल्या चार माणसांच्या पुढाकाराने गरीब घरांना स्वतःच्या कमाईवर उभं करायचं जे काम चालतं त्याबद्दलची ही नोंद. शेळ्या देणं, बचत गट, शिलाईचे वर्ग, परसबाग, बांधबंदिस्ती, बाळंतपणाआधीची तपासणी असं सगळं यात येतं. करणारे बहुतेक गावातलेच असतात, म्हणजे पाळक (चर्चचा पास्टर), पाळकाची बायको, रिटायर झालेली मिशन हॉस्पिटलची नर्स, एखादी शाळेतली बाई. मिशनची मोठी हॉस्पिटलं आणि बोर्डिंग शाळा यांच्यापेक्षा हे काम वेगळं, कारण तिथे माणूस मिशनच्या कंपाउंडपर्यंत चालत जायचा आणि इथे काम वस्तीवर येतं, आणि माझ्या मते या भागातल्या ख्रिस्ती कामाची खरी गोष्ट कंपाउंडपासून वस्तीपर्यंतच्या या प्रवासाचीच आहे.

सुरुवात मिशनरींपासून करावीच लागते. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्यांचं मिशन पुढे प्रेस्बिटेरियन चर्चकडे गेलं आणि सांगली, मिरज, इस्लामपूर, कोडोलीपर्यंत पसरलं. सातारा आणि वाईकडे अमेरिकन मराठी मिशन होतं. मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल उघडलं, नंतर कुष्ठरोग्यांसाठी आणि टीबीसाठीही सोय झाली, वानलेसवाडी हे नाव त्यांच्यावरूनच. हॉस्पिटलने माणसं वाचवली आणि कित्येक घरांतल्या पोरी नर्स झाल्या, यात वादच नाही. पण ख्रिस्ती झालेली बरीचशी कुटुंबं महार-मांग समाजातली, धर्म बदलला की गावकीतली कामं आणि त्यावर मिळणारं बलुतं तुटायचं, मग उरायचं काय तर मिशनची नोकरी, शिक्षक, कंपाउंडर, आचारी, माळी. त्यामुळे घरं शिकली पण मिशनच्या पगाराला बांधली गेली.

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. अमेरिकन मराठी मिशन ज्यांचं होतं त्या अमेरिकन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले, त्यांचं म्हणणंच होतं की इथल्या मंडळ्यांनी, म्हणजे स्थानिक चर्चनी, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा आणि कारभारही स्वतः पाहावा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर १९१७ मध्ये मिशनचा पगारच सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ मध्ये ते गेले, दरबार फार वाढला नाही. त्यात शेतीबिती नव्हती, तरी परक्या पैशाशिवाय इथल्या मातीतलं ख्रिस्ती काम म्हणून ते या नोंदीत पाहिजेच.

पोटापाण्याच्या बाजूने पहिलं ठोस काम सांगलीतलं. तिथे मिशनची शेती आणि उद्योग शिकवणारी शाळा होती, जॉन गोहीन हे तिचे प्रमुख, आणि त्यांनी ‘सांगली मूव्हेबल स्कूल’ काढलं. म्हणजे शाळाच गावात न्यायची. अमेरिकेत टस्कीगी संस्थेने काळ्या शेतकऱ्यांसाठी असं फिरतं स्कूल चालवलं होतं, त्यावरून ही कल्पना आली. भाषण देण्यापेक्षा शेतात करून दाखवायचं. गोहीन पुढे इचलकरंजी संस्थानाचा कारभार पाहायलाही गेले, मिशनरी आणि संस्थानचा कारभारी हे तसं विरळाच.

स्वातंत्र्यानंतर मदत देशातल्या संस्थांमार्फत यायला लागली. १९४७ मध्ये कासा ही चर्चची मदतसंस्था, १९६६ मध्ये पाण्याच्या आणि अन्नधान्याच्या कामासाठी अफप्रो, ज्यात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक दोघेही होते. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत इकडे सरकारी रोजगाराच्या कामांवर माणसं खडी फोडत होती, आणि त्यानंतर नुसतं धान्य वाटून भागत नाही हे सगळ्यांनाच कळलं. दोन उदाहरणं नगर जिल्ह्यातली (आता अहिल्यानगर), पण त्यांचं वळण इकडच्या कामातही दिसतं. एक जामखेड, तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये प्रकल्प सुरू केला आणि गावातल्या कमी शिकलेल्या बायकांनाच आरोग्य सेविका केलं. दुसरं फादर हर्मन बाखर या स्विस जेसुइटांचं पाणलोटाचं काम, माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचं आणि गावाने श्रमदान करायचं.

आता शेळीचं. सगळ्यात जास्त चालणारी आणि सगळ्यात जास्त फसणारी योजना हीच. एका घराला, बहुतेकदा विधवा किंवा एकटी बाई असलेल्या घराला दोन शेळ्या मिळतात, उस्मानाबादी असली तर बरं कारण जुळी करडं बऱ्याचदा होतात. गाभण काळ साधारण ५ महिने. झालेल्या करडांतली एक पाट (मादी करडू) मोठी करून पुढच्या घराला द्यायची, बोकड विकून पैसे घरात. आपल्याकडे अर्धलीने शेळी सांभाळायला द्यायची पद्धत जुनीच आहे, फरक इतकाच की अर्धलीत वाटा मालकाकडे जातो आणि इथे शेजारणीकडे, त्यामुळे शेजारीण स्वतःच येऊन बघते पाटीला चारा घातला का. असा पहारा कुठल्याही ऑफिसला जमणार नाही. फसतं कुठे, तर लसीत. पीपीआर या साथीच्या रोगाची आणि पावसाळ्याआधीची आंत्रविषाराची लस चुकली की अख्खा गोठा आठवड्यात मोकळा होतो, मग पाट कुठली परत देणार. शेळ्या वाटतानाचे फोटो काढून गेलेल्या संस्था पुष्कळ, लस घेऊन वर्षभर येणारा माणूस एखादाच. जिथे चराईला रान नाही आणि घरातलं सगळं माणूस दिवसभर रोजंदारीला जातं तिथे शेळी देऊच नये, हेही सांगायला हवं.

शिलाई मशीनबद्दल थोडक्यात, एका गावात ब्लाऊज शिवणाऱ्या किती जणी पोसल्या जाणार? पिको-फॉल आणि शाळेच्या गणवेशाची ऑर्डर असेल तर ठीक, नाहीतर मशीनवर कपड्यांची चळत.

बचत गट मात्र टिकले. नाबार्डने १९९२ मध्ये गट बँकेला जोडायला सुरुवात केली, चर्चच्या महिला मंडळांना वही लिहायची आणि दर आठवड्याला जमायची सवय आधीचीच. जत-आटपाडीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या घराचा खरा फास मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीवर आगाऊ घेतलेले पैसे, ती दवाखान्यासाठी नाहीतर लग्नासाठी घेतलेली असते, आणि गटातून पाच-दहा हजार वेळेवर मिळाले तर एखादी उचल टळते. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी आलं तिथे डाळिंब-द्राक्षाने चित्र बदललं, पण पाणी जमीनवाल्याला, भूमिहीन घराला मजुरी वाढली एवढंच.

आक्षेपही आहेत. मदतीच्या आडून धर्मांतर होतं हा आरोप जुना आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही, कारण मदत आणि उपासना एकाच खोलीत, एकाच माणसाच्या हातून झाली तर घेणाऱ्याला नाही म्हणणं अवघड जातं. म्हणून शहाणे लोक यादी ग्रामसभेत किंवा गटात ठरवतात, सगळ्या जातीधर्माची घरं घेतात आणि प्रार्थनेला येण्याची अट ठेवत नाहीत. दुसरीकडे १९५० च्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती कुटुंबांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, त्यामुळे यांच्यातलीच बरीच गरीब घरं सरकारी योजनांतून सुटतात.

२०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला. परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासनाचा खर्च ५० वरून २० टक्क्यांवर आला. मोठ्या संस्थेकडून थोडं थोडं घेऊन चालणारी खेड्यातली कामं यात आटली. आता पैसा चर्चमधल्या कापणीच्या सणाला येतो, लोक ज्वारी, भोपळे, कोंबड्या आणतात, उपासनेनंतर लिलाव होतो आणि चाळीस रुपयांचा भोपळा कुणीतरी हौसेने पाचशेला घेतो. बाकीचं काम म्हणजे उमेदचे (सरकारच्या बचत गटांच्या योजनेचे) फॉर्म भरून देणं, निराधार पेन्शनसाठी तहसीलला चकरा मारणं आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात लस आली का ते फोन करून विचारत राहणं.