पहिला लढाऊ रोबो: आधी चाकं, शस्त्र शेवटी

लढाऊ रोबो म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते शस्त्र. गरगरणारं पातं, उडणाऱ्या ठिणग्या, हवेत कोलांटी खाणारा प्रतिस्पर्धी. त्यामुळे नवखा माणूस कागदावर पहिलं चित्र काढतो तेही पात्याचंच. मग त्या पात्याला पेलेल अशी मोटर, त्या मोटरला पुरेल अशी बॅटरी, आणि उरलेल्या चार-दोन ग्रॅममध्ये कशीबशी बसवलेली चाकं. असा रोबो पहिल्या टोल्यातच चाक गमावतो आणि जागच्या जागी भिरभिरत राहतो. बहुतेक स्पर्धांत हालचाल थांबलेल्या रोबोसाठी दहापर्यंत आकडे मोजतात आणि लढत संपते. पातं शाबूत असलं तरी हार ती हारच.

म्हणून पहिल्या रोबोची आखणी उलट्या क्रमाने करावी. आधी वजनाचा गट, मग चाकं, मग वीज आणि सगळ्यात शेवटी शस्त्र.

गट निवडताना नावावर विसंबू नका. अमेरिकेत ‘अँटवेट’ म्हणजे १ पौंड, ४५४ ग्रॅम; ब्रिटनमध्ये त्याच नावाचा गट १५० ग्रॅमचा असतो. त्यावरचा ‘बीटलवेट’ अमेरिकेत ३ पौंड (१.३६ किलो) आणि ब्रिटनमध्ये १.५ किलो. टीव्हीवर दिसणारे अजस्र रोबो २५० पौंडांचे, म्हणजे जवळपास ११३ किलोचे असतात, आणि तिथे पहिल्यांदा हात घालण्यात शहाणपण नाही. पहिल्या रोबोसाठी ४५४ ग्रॅमचा गट उत्तम. भाग सहज मिळतात, ते मोडले तर टेबलावर दुरुस्त होतात, आणि चुका झाल्या तरी त्या आवाक्यात राहतात. पुढची सगळी गणितं याच गटासाठी आहेत.

वजनाची वाटणी करायला एक जुना, कामाचा आडाखा आहे: ३० टक्के चाकं आणि त्यांच्या मोटरी, ३० टक्के शस्त्र, २५ टक्के सांगाडा आणि कवच, १५ टक्के बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स. ४५४ ग्रॅमचे त्याप्रमाणे १३६, १३६, ११४ आणि ६८ ग्रॅम होतात. शेवटचा आकडा लगेच डोळ्यांत भरतो, कारण त्यातले साधारण ४० ते ४५ ग्रॅम एकटी बॅटरीच खाते. हा आडाखा म्हणजे नियम नव्हे, पण एखादा भाग आपल्या वाट्यापेक्षा फार पुढे जात असेल तर तो कुणाच्या तोंडचा घास काढतोय हे विचारायला भाग पाडतो. आणि यादीत स्क्रू, वायरी, कनेक्टर, सोल्डर, गोंद सगळं लिहा. १२ मिलिमीटर लांबीचा एक एम-३ पोलादी स्क्रू जेमतेम ग्रॅमभर असतो, पण असे वीस लागले की २० ग्रॅम गेले. कागदावरची बेरीज ४३० ग्रॅमच्या आत ठेवली तर प्रत्यक्षात रोबो ४५४ च्या आत बसण्याची आशा असते.

आता चाकं. दोन चाकं पुरतात. चाकाचा व्यास सांगाड्याच्या उंचीपेक्षा जास्त ठेवला की रोबो उलटा पडला तरी धावतो, आणि तो उलटा पडणार हे धरूनच चालायचं. ५० मिलिमीटर व्यासाचं चाक एका फेरीत १५७ मिलिमीटर जातं. मोटर गिअरबॉक्समधून १००० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) देत असेल तर सेकंदाला सुमारे २.६ मीटर, ताशी साडेनऊ किलोमीटर. वाचायला हे कमी वाटतं, पण छोट्या आखाड्यात एवढा वेग आवरणंसुद्धा नवख्याला जड जातं. याहून वेगवान मोटर पहिल्या खेपेला घेऊ नका.

मोटरीत जोर किती हवा याचं उत्तर जमिनीवरच्या पकडीत असतं. सगळं वजन दोन चाकांवर आहे आणि रबराची पकड चांगली आहे असं धरलं, तर ४५४ ग्रॅमचा रोबो जास्तीत जास्त ४.४५ न्यूटन बळाने ढकलू शकतो. प्रत्येक चाकाच्या वाट्याला २.२ न्यूटन, आणि २५ मिलिमीटर त्रिज्येवर त्याचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) होतो सुमारे ०.५७ किलो-सेंटिमीटर. मोटरीचा स्टॉल टॉर्क, म्हणजे ती अडली असताना लावते तो जोर, याच्या किमान दुप्पट हवा. कारण समोरासमोर रेटारेटी झाली की दोनच गोष्टी होऊ शकतात: चाक घसरतं किंवा मोटर अडते. घसरणाऱ्या चाकाचं काही बिघडत नाही. अडलेली मोटर मात्र सगळ्यात जास्त करंट ओढते, तापते आणि आपल्याबरोबर तिचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरलाही घेऊन जाते. म्हणून स्पीड कंट्रोलर निवडतानाही मोटरीचा स्टॉल करंट बघा. नेहमीच्या चालीचा करंट बघून घेतलेला कंट्रोलर पहिल्याच रेटारेटीत जळतो.

पहिल्या रोबोला चाकांसाठी साध्या ब्रश असलेल्या गिअर मोटरी आणि दोन्ही मोटरी चालवणारा एकच दुहेरी कंट्रोलर पुरे. एन-२० नावाने मिळणाऱ्या चिमुकल्या मोटरी १५० ग्रॅमच्या गटात छान चालतात, पण ४५४ ग्रॅमच्या गटातले टोले त्यांच्या बारीक दात्यांना झेपत नाहीत. इथे २२ मिलिमीटर व्यासाचा प्लॅनेटरी गिअरबॉक्स घ्यावा, कारण त्यात भार एकाच दात्यावर न येता अनेक गिअरांत वाटला जातो. तरीही मोटर नुसत्या समोरच्या दोन स्क्रूंवर टांगू नका. चाकाला बाजूने फटका बसला की सगळा ताण त्या दोन स्क्रूंवर येतो आणि गिअरबॉक्सचं तोंडच उखडतं. मोटरीचं अंग मागेही घट्ट धरणारा कंस सांगाड्यातच करून घ्या. चाकं मऊ फोमची ठेवा. फोम टोला स्वतः पचवतो. कडक चाक तो जसाच्या तसा शाफ्टला देतं.

बॅटरीचं गणित सोपं आहे आणि तरी बरेच जण अंदाजाने बॅटरी घेतात. लढत ३ मिनिटांची, म्हणजे तासाचा विसावा भाग. चाकं सरासरी २ अँपिअर आणि शस्त्र ५ अँपिअर ओढत असेल, तर ७ भागिले २० म्हणजे ०.३५ अँपिअर-तास, अर्थात ३५० एमएएच. लिथियम पॉलिमर बॅटरी तळापर्यंत रिकामी केली की खराब होते, त्यामुळे क्षमतेच्या ८० टक्केच वापरायचं धरा. म्हणजे ४५० एमएएचची बॅटरी आली. तीन सेलची बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर १२.६ व्होल्ट देते. तिच्यावर छापलेले ११.१ व्होल्ट हे सरासरी मूल्य असतं. ‘सी’ म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट देता येतो तो आकडा; वेष्टनावर ७५-सी लिहिलेलं असेल तर ४५० एमएएचला ७५ ने गुणून सुमारे ३४ अँपिअर येतात, पण हे आकडे बहुधा फुगवलेले असतात. निम्मा धरून हिशोब केला तर फसगत होत नाही.

चालता चालता मध्येच रोबो क्षणभर मरतो आणि परत जागा होतो, या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा रिमोटचे संदेश घेणाऱ्या रिसीव्हरला मिळणाऱ्या ५ व्होल्टमध्ये असतं. हे ५ व्होल्ट स्पीड कंट्रोलरमधलं बीईसी नावाचं छोटं सर्किट पुरवतं. शस्त्राने एकदम करंट ओढला, बॅटरीचं व्होल्टेज कोसळलं, की रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो. आणखी एक खोट अशी की दोन कंट्रोलर जोडले की दोन बीईसी एकाच तारेवर येतात आणि एकमेकांशी भांडतात. एकाचीच लाल तार चालू ठेवा, दुसऱ्याची कनेक्टरमधून काढून वेगळी गुंडाळा. सगळ्या जोडण्यांवर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, वायर सिलिकॉनच्या आवरणाची घ्या, आणि सोल्डरच्या टाक्याला लागूनच वायर सांगाड्याला बांधा, म्हणजे हिसका टाक्यावर येणार नाही. बॅटरी फोममध्ये बसवा. तिच्या शेजारी स्क्रूचं टोक येता कामा नये.

आता शस्त्राकडे येऊ. नुसत्या सर्वोने (ठरावीक कोनात वळणाऱ्या छोट्या मोटरीने) उचलणारा हात किंवा जमिनीला घासत जाणारा तिरपा पत्रा हे पहिल्या रोबोसाठी अतिशय चांगलं शस्त्र आहे, आणि चाकं दणकट असतील तर त्यावर लढती जिंकता येतात. फिरतं पातंच हवं असेल तर त्यामागचं भौतिकशास्त्र आधी समजून घ्यावं, कारण इथेच सगळ्यात मोठे गैरसमज आहेत. १०० ग्रॅमची, १५० मिलिमीटर लांबीची सरळ पट्टी १०,००० आरपीएमने फिरली की तिच्यात सुमारे १०३ जूल ऊर्जा साठते आणि तिचं टोक सेकंदाला ७८ मीटरने, म्हणजे ताशी २८० किलोमीटरहून वेगाने जातं. वजन तेवढंच ठेवून लांबी निम्मी केली तर ऊर्जा चौथा हिस्सा उरते, वेग निम्मा केला तरीही चौथा. वजन निम्मं केलं तर मात्र ऊर्जा फक्त निम्मीच होते. म्हणून वजन टोकांकडे असावं, मधला भाग गरजेपुरता.

मग वेग वाढवतच न्यावा का? नाही, आणि ही गोष्ट पटायला वेळ लागतो. पातं समोरच्याला पकडतं ते दोन दातांच्या मधल्या वेळात तो किती आत शिरतो त्यावर. दोन दातांचं पातं १०,००० आरपीएमने सेकंदाला ३३३ वेळा समोरून जातं. रोबो सेकंदाला २ मीटर वेगाने चालून गेला तर दर दाताला फक्त ६ मिलिमीटर चावा मिळतो. वेग २०,००० केला की चावा ३ मिलिमीटरवर येतो आणि पातं समोरच्या कवचावर नुसतं खरवडत घसरतं. एकच दात ठेवून दुसऱ्या बाजूला तोल साधणारं वजन दिलं तर चावा दुप्पट होतो. संथ पण खोल चावणारं पातं बरं.

उभ्या पात्याची आणखी एक अडचण. फिरणारं पातं वळवायला गेलं की ते आडवा पीळ देतं. वर सांगितलेली पट्टी उभी बसवली आणि चाकांमधलं अंतर १२ सेंटिमीटर असलं, तर सेकंदाला पाऊण काटकोनाहून थोडं जास्त वळताच, सुमारे ७८ अंशांवर, एक चाक जमिनीवरून उचललं जातं. उभी शस्त्रं लहान व्यासाची आणि रोबो रुंद असतो तो यासाठी. आडव्या पात्याला वळताना हा त्रास नसतो, पण टोला मारताना तेवढाच धक्का रोबोला उलट दिशेने बसतो.

पातं मोटरीच्या शाफ्टवर थेट लावू नका. पहिल्या टोल्यात शाफ्ट वाकतो. सांगाड्यात पक्का केलेला पोलादी अक्ष, त्यावर बेअरिंगसह फिरणारं पातं, आणि बाजूला ब्रशलेस मोटरीवरून आलेला गोल पॉलियुरेथेनचा पट्टा ही रचना सगळ्यात निभावून नेते. टोल्याच्या क्षणी पट्टा घसरतो आणि मोटर वाचते. पातं कठीण केलेल्या पोलादाचं असावं. सांगाड्यासाठी यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीन (एक चिवट प्लास्टिक) किंवा थ्री-डी प्रिंट केलेलं टीपीयू (रबरासारखं लवचीक प्लास्टिक) घ्या, ते वाकतं पण फुटत नाही. पीएलए हे थ्री-डी प्रिंटिंगचं नेहमीचं कडक प्लास्टिक आकार पडताळण्यापुरतं ठीक. लढतीत त्याचे तुकडे होतात. धातूत शिरणाऱ्या स्क्रूंना थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावा, पण तो पॉलिकार्बोनेटला लागू देऊ नका, त्याला तडे जातात. तिथे नायलॉन असलेले नट वापरा.

चाचणीचा क्रम बदलू नका. पातं काढून ठेवलेलं, रोबो ठोकळ्यावर, चाकं अधांतरी. आधी ट्रान्समीटर (हातातला रिमोट) चालू, मग रोबो. बंद करताना उलट. मग चाकं फिरत असताना ट्रान्समीटर बंद करून पहा: सगळं लगेच थांबलं पाहिजे, नाहीतर फेलसेफ (संपर्क तुटला की रोबो थांबवणारी सोय) नीट बसलेला नाही आणि कुठलीच स्पर्धा त्या रोबोला आत घेणार नाही. पातं फिरवायचं ते जाड पॉलिकार्बोनेटच्या बंद पेटीतच, डोळ्यांवर गॉगल लावून. पात्याला अडवणारी खीळ पेटीत ठेवल्यावरच काढायची आणि पेटी उघडल्यावर हात पुढे नेण्याआधी परत लावायची. चार्जिंग समोर बसूनच करा, आणि वापर नसेल तेव्हा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा.

मग चालवण्याचा सराव, जमेल तितका, आणि त्यातला अर्धा रोबो उलटा ठेवून. कुशीवरून उलटलेल्या रोबोत डावी-उजवी वळणं होती तशीच राहतात, पण ट्रान्समीटरवर पुढे ढकललेली काडी त्याला मागे नेते. बोटांना हे अंगवळणी पडायला बॅटऱ्यांचे बरेच चार्ज खर्ची पडतात.