बसथांब्यावरची वीस मिनिटं

३० जानेवारी २०१९ ची सकाळ. शिकागोच्या उपनगरात राहणारी माझी मावसबहीण मागच्या दारी उभी राहून उकळतं पाणी हवेत भिरकावते आणि पाणी खाली पडतच नाही. पांढरा ढग होऊन तिथल्या तिथे विरून जातं. व्हिडिओखाली तिनं लिहिलं होतं, 'उणे एकतीस. शाळांना दोन दिवस सुट्टी.' फॅमिली ग्रुपवर मावशीचं उत्तर आलं, 'थंडीची कसली गं सुट्टी? आम्ही निफाडला दवातून अनवाणी जायचो शाळेत.'

टोमणा सोडला तर मावशीचा प्रश्न रास्त आहे. पावसाची सुट्टी आपल्याला कळते. तुंबलेले रस्ते, बंद पडलेल्या लोकल, सगळं डोळ्यांना दिसतं. थंडी दिसत नाही, आणि तिचे आकडेही गोंधळात टाकतात. सायबेरियातल्या याकुत्स्कमध्ये लहान वर्गांना सुट्टी मिळते ती पारा उणे ४५ च्या आसपास उतरल्यावर. शिकागोनं उणे ३१ ला शाळा बंद केल्या. उत्तर प्रदेशात तर पारा शून्याच्या वर पाच-सहा अंशांवर असतानाच जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो. मग रशियन मुलं चिवट आणि आपली नाजूक, अशी चर्चा रंगते. ती बहुतेक वेळा फसलेली असते.

आधी शिकागो आणि याकुत्स्कचा हिशेब मिटवू. आपल्या कातडीला लागून हवेचा एक पातळ थर असतो, आपल्याच उबेनं तापलेला. वारा पडलेला असेल तर हा थर दुलईसारखा अंगावर टिकतो. वारा सुटला की तो पळवला जातो, त्याच्या जागी गार हवा येते, शरीर तिला तापवायला घेतं, तीही निघून जाते. बशीतल्या चहावर फुंकर मारतो तेव्हा आपण हेच करत असतो. हिवाळ्यात याकुत्स्कवर थंड, जड हवा ठाण मांडून बसलेली असते आणि जमिनीलगत वारा जवळपास नसतोच. शिकागोत वारा असतो. उणे ३० तापमान आणि ताशी ३० किलोमीटर वारा हे दोन आकडे हवामान खात्याच्या सूत्रात घातले, तर उत्तर येतं उणे ४६. म्हणजे याकुत्स्कची वाराहीन उणे ४५ आणि शिकागोची वाऱ्यासकट उणे ३० ही उघड्या गालासाठी जवळपास एकच थंडी झाली.

या सूत्राला विंड चिल म्हणतात. त्याचा उगम अंटार्क्टिकातला. पॉल सायपल हा १९२८ साली बालवीर म्हणून अमेरिकी शोधक रिचर्ड बर्डच्या मोहिमेबरोबर तिथे गेलेला मुलगा. पुढे शास्त्रज्ञ होऊन तो पुन्हा तिथे गेला आणि चार्ल्स पॅसेलबरोबर त्यानं प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं. पाणी गोठायला किती वेळ लागतो, एवढंच मोजायचं. १९४५ मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांवर कित्येक वर्षं हवामानाचे अंदाज चालले. पण माणूस म्हणजे नळकांडं नव्हे. जुनं गणित थंडी वाजवीपेक्षा जास्त दाखवतं हे लक्षात आल्यावर अमेरिका आणि कॅनडानं मिळून २००१ मध्ये नवं सूत्र आणलं. त्यासाठी टोरांटोत बारा स्वयंसेवकांच्या चेहऱ्यांवर तापमापक चिकटवून त्यांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात ट्रेडमिलवर चालवलं होतं.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. ते बाराही जण प्रौढ होते. सूत्रात धरलेला चेहरा जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवरचा आहे, आणि तो माणूस ताशी पाच किलोमीटरच्या आसपास चालतोय. पहिलीतलं पोर बसथांब्यावर उभं असतं तेव्हा यातलं काहीच लागू होत नाही. ते चालत नसतं, म्हणजे स्नायूंची ऊब नाही. शिवाय त्याच्या शरीराची भूमितीच वेगळी. वीस किलोच्या मुलाच्या कातडीचं क्षेत्रफळ साधारण ०.८ चौरस मीटर भरतं, सत्तर किलोच्या माणसाचं १.८. किलोमागे हिशेब केला तर उष्णता बाहेर पडायला मुलाकडे मोठ्या माणसाच्या दीडपट खिडक्या आहेत, आणि आत ऊब तयार करणारा स्नायूंचा कारखाना मात्र छोटा. वाटीतलं वरण पातेल्यातल्या वरणाआधी निवतं, तसंच हे. त्यात हातमोजा कुठे पडला हे या वयाच्या मुलाला कळत नाही, आणि कळलं तरी ते सांगत नाही.

विंड चिल उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. उणे ४० च्या खाली हा वेळ पाच-दहा मिनिटांवर येतो. हा हिमदंश. आधी त्या जागी टोचल्यासारखं होतं, मग बधिरपणा येतो, आणि बधिर झालं की मूल रडायचं थांबतं. धोका इथेच आहे. थंडी वाढली की शरीर बोटांचा रक्तपुरवठा आवळतं, काळीज-मेंदूची ऊब राखण्यासाठी बोटं पणाला लावतं. हा बंदोबस्त अगदी काटेकोर नसतो. बोटांतल्या रक्तवाहिन्या मधूनमधून थोड्या उघडतात, ऊब सोडतात, पुन्हा मिटतात. फार थंडीत ही उघडझाप मंदावते.

म्हणून शिकागो किंवा मिनेसोटात शाळा बंद ठेवायचं ठरतं तेव्हा प्रश्न वर्गातल्या थंडीचा नसतो. वर्गात हीटर धडधडत असतो, पोरं टी-शर्टवर बसलेली असतात. प्रश्न असतो थांब्यावरच्या वीस मिनिटांचा. एरवी बस वेळेवर येते. पण कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट व्हायला लागतं, फिल्टर तुंबतो, बॅटरीचा जोर उतरतो, आणि नेमकी त्याच दिवशी बस रखडते. ज्या दिवशी पाच मिनिटंही उभं राहणं धोक्याचं, त्याच दिवशी वीस मिनिटं उभं राहावं लागण्याची शक्यता सगळ्यात जास्त. जानेवारी २०१४ मध्ये मिनेसोटाचे गव्हर्नर मार्क डेटन यांनी राज्यभरच्या सरकारी शाळा एका दिवसासाठी बंद केल्या, त्याच्या मुळाशी हीच काळजी होती. थंडीपायी राज्यभर अशी सुट्टी तिथे १९९७ नंतर पहिल्यांदाच दिली गेली.

बंद करायचं तर कधी, यालाही महत्त्व आहे, आणि त्याचा धडा फार महागात मिळालेला आहे. १२ जानेवारी १८८८ ला नेब्रास्का-डाकोटाच्या गवताळ मैदानांवर सकाळ उबदार उजाडली. मुलं जाड कोट न घालताच एकखोली शाळांत गेली. मग उत्तरेकडून हिमवादळ आलं. पिठासारखा बारीक बर्फ, हातभर अंतरावरचं दिसेना. नेब्रास्कातल्या प्लेनव्ह्यूजवळ लोइस रॉइस या तरुण शिक्षिकेकडचं जळण दुपारी तीनपर्यंत संपलं. ती राहत होती ते घर शंभर-दोनशे पावलांवर होतं. तिन्ही विद्यार्थ्यांना घेऊन ती निघाली आणि वाट चुकली. तिन्ही मुलं गेली. तिचे पाय कापावे लागले. त्या वादळात सुमारे २३५ माणसं दगावली, आणि त्यांत शाळेतून घरी निघालेली मुलं पुष्कळ होती. आजही शाळा भरल्यानंतर 'थंडी वाढली, लवकर सोडूया' हा सगळ्यात वाईट पर्याय मानायला हवा. ठरवायचं तर आदल्या रात्री, फार तर पहाटे.

पण अभ्यास बुडतो त्याचं काय? अर्थशास्त्रज्ञ जोशुआ गुडमन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या २००३ ते २०१० च्या नोंदी तपासल्या. त्यांचा विषय हिमवर्षावाचा होता, तरी मुद्दा थंडीलाही लागू पडतो. शाळा बंद राहिल्यानं मुलांच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. परिणाम दिसला तो गैरहजेरीचा. शाळा बंद असेल तर सगळा वर्ग एकाच पानावर थांबतो आणि दुसऱ्या दिवशी बाई तिथूनच पुढे जातात. शाळा चालू ठेवली आणि निम्मीच मुलं आली, तर आज याचे अपूर्णांक राहिले, उद्या तिचे, आणि बाई सारखं मागचं उगाळत बसतात. अर्धवट चालू शाळा ही बंद शाळेपेक्षा अभ्यासाला जास्त मारक ठरू शकते, हे मला वाचेपर्यंत सुचलं नव्हतं.

आता आपल्याकडे येऊ, कारण इथे सगळं गणित उलटं होतं. लखनौ, पाटणा, गोरखपूर. पारा शून्याच्या वर, त्यामुळे कातडी गोठणं शक्यच नाही. विंड चिलच्या सूत्राचा इथे फारसा उपयोग नाही. इथली थंडी वर्गात आहे. हीटर नाही, खिडकीची काच फुटलेली, सतरंजी ओलसर, फरशी गार. घरातली हवा किमान १८ अंश असावी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. या वर्गांत पोर पाच-सहा तास त्याच्या बरंच खाली बसून असतं. अशा दमट, न गोठवणाऱ्या थंडीत बोटं लालजांभळी होतात, सुजतात, खाजतात. हिमदंशाशी त्याचा संबंध नाही, पण पेन्सिल धरवत नाही एवढं खरं.

वर्तमानपत्राच्या मथळ्यात असतं किमान तापमान, 'पारा चार अंशांवर' वगैरे. पण किमान तापमान सूर्योदयाच्या सुमाराचं असतं आणि मूल वर्गात असतं दिवसा. हवामान खात्याकडे यासाठी वेगळी संज्ञा आहे, 'थंड दिवस'. किमान तापमान १० किंवा त्याहून कमी आणि कमाल तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्तच खाली, असा तो दिवस. गंगेच्या मैदानात दाट धुकं आणि खालचे ढग ऊन अडवतात आणि दुपारीही पारा वर सरकत नाही. अशा दिवशी शाळा आठऐवजी दहाला भरवून काय मिळणार? दहाला आणि बाराला तीच थंडी. सुट्टीचा आदेश या आकड्यावर बेतायला हवा असं माझं मत आहे. मथळ्यातल्या आकड्यावर बेतून उपयोग नाही.

जानेवारी २०२४ मध्ये बिहारात यावरून जुंपली होती. पाटण्यात जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ खाली शाळांचे वर्ग बंद केले आणि शिक्षण विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी पत्रातून विचारलं की शाळांवर पडते आणि कोचिंग क्लासवर पडत नाही, ही कसली शीतलहर? प्रश्न खवचट आहे, पण बिनतोड नाही. कोचिंगला जाणारा सोळा वर्षांचा असतो, पहिलीतला सहा. वरची दीडपट खिडक्यांची गोष्ट आठवा. तरी अधिकाऱ्यांच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे. शाळा बंद म्हणजे दुपारचं गरम जेवण बंद, आणि मूल घरी जातं ते कुठे? बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून बसलेल्या कुटुंबात. कार्बन मोनॉक्साइडनं गुदमरून माणसं गेल्याच्या बातम्या उत्तरेत दर हिवाळ्यात येतात. कॅनडात कित्येक ठिकाणी अशा वेळी बस बंद ठेवतात, शाळेचं दार मात्र उघडं असतं. ज्याला येता येईल त्यानं यावं. ही विभागणी बिहारात जशीच्या तशी चालणार नाही, कारण तिथे ऊब शाळेतही नाही. काश्मीरनं वाद घालणंच सोडून दिलंय. तिथे हिवाळ्याची लांबलचक सुट्टी वेळापत्रकातच असते.

राहिली मावशी. निफाडला थंडीच्या लाटेत पहाटे पारा पाच-सहावर येतो हे खरं, पण आकाश बहुतेक निरभ्र असतं आणि दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. मी तिला फोनवर विचारलं, एवढ्या थंडीत सकाळच्या शाळेत बसायचात तरी कसे? ती म्हणाली, 'वर्गात कोण बसायचं? गुरुजी फळा बाहेर आणायचे. भिंतीला टेकवून ठेवायचे आणि आम्ही उन्हात. ऊन सरकलं की फळा उचलून पुढे.'