होंडा सिटी (भारतीय पिढ्या)

होंडा सिटी : भारतात १९९८ पासून विकली जाणारी पाच आसनी, डिकीवाली मोटार. सिटी हे नाव जपानमध्ये १९८१ साली एका छोट्या, विनाडिकीच्या गाडीला मिळाले होते. डिकीवाली सिटी १९९६ मध्ये थायलंडमध्ये आली आणि तीच पुढे भारतात पोचली. म्हणून, आधीच्या विनाडिकीच्या दोन पिढ्या धरून, आपल्याकडची पहिली पिढी जगाच्या हिशेबात तिसरी ठरते.

सातारकर गाडीची पारख घाटात करतात. पुण्याहून येताना खंबाटकी, शिवाय कासला जाताना यवतेश्वर आणि पाचगणीला जाताना पसरणी. पहिल्या पिढीची १.५ लिटर व्हीटेक, १०६ अश्वशक्तीची, या परीक्षेत आजही मानाने उभी राहते. व्हीटेकमध्ये इंजिनाचे फेरे वाढले की तेलाच्या दाबाने एक खीळ सरकते, झडपा अधिक उघडतात आणि इंजिनाला जास्त हवा मिळते. चढावर सेकंड गिअर धरून ठेवला, तर ही ताकद पायाखाली कळते. खेळकर सिटी म्हणावी ती हीच.

२००३ च्या दुसऱ्या पिढीने चाहत्यांना दुखावले. आकार उंच, फुगीर, इंजिन १.५ लिटरचेच, पण अश्वशक्ती ७७. प्रत्येक सिलिंडरला दोन, असे आठ स्पार्क प्लग लावून होंडाने सारा भर अ‍ॅव्हरेजवर दिला. तरीही तिला मरतुकडी म्हणणे अन्यायाचे आहे. तिचा जोर कमी फेऱ्यांवरच मिळतो, त्यामुळे यवतेश्वरच्या वळणांवर ती सारखा गिअर बदलायला लावत नाही. ती कमी पडते हायवेवर, उसाचा ट्रक ओव्हरटेक करताना. या पिढीतही पुढे व्हीटेक आले.

२००८ मध्ये अणकुचीदार चेहऱ्याची तिसरी पिढी ११८ अश्वशक्ती घेऊन आली आणि रूप व पिकअप पुन्हा एकत्र नांदू लागले. २०१४ च्या चौथ्या पिढीत प्रथमच डिझेल मिळाले : १.५ लिटर, १०० अश्वशक्ती, सहा गिअर. रोज पुणे-सातारा करणाऱ्याच्या खिशाला ते परवडणारे होते; आवाज मात्र केबिनमध्ये येई.

२०२० ची पाचवी पिढी सुमारे ४.५५ मीटर लांब आहे. पेट्रोल इंजिन १२१ अश्वशक्तीचे असले तरी तिचा स्वभाव खेळापेक्षा ऐसपैस प्रवासाचा. डिझेल २०२३ मध्ये बंद झाले. त्याआधी, २०२२ मध्ये, हायब्रिड आली होती. तिच्यात बहुतेक वेळ चाके विजेची मोटर फिरवते आणि इंजिन वीज तयार करते. पाचगणीहून वाईकडे पसरणी उतरताना एरवी ब्रेकच्या उष्णतेत वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत भरते. त्या बॅटरीने डिकीतली जागा मात्र ५०६ लिटरवरून ३०६ वर आणली आहे.