कपाटातला जुना डिजिटल कॅमेरा दुरुस्तीला आणण्याआधी

हल्ली कॉलेजची मुलं आईबाबांचा पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन दुकानात येतात. तो चालू झाला की आम्हालाही आनंद होतो. पण इतके पावसाळे कपाटात काढलेलं यंत्र आहे. घरीच थोडं पाहून घेतलंत, तर एखादा हेलपाटा वाचेल.

'कार्ड एरर' आला, तर आधी कार्डावरचा आकडा वाचा. २००६ च्या आधीच्या, एसडी कार्ड घेणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांना २ जीबीपर्यंतचं साधं कार्डच चालतं. ६४ जीबीचं घातलं की ते रुसतात. पेन्सिल सेलवरचा कॅमेरा लगेच बंद पडत असेल, तर साधे सेल काढून निकेल मेटल हायड्राइडचे चार्जिंगचे घाला. दरवेळी तारीख विचारतो, तो बहुधा आतला बारीक सेल उतरल्यामुळे.

खरं दुखणं लेन्सचं. सहलीत शिरलेला वाळूचा एखादा कण नळीत अडकतो, लेन्स अर्धी बाहेर येऊन थांबते. ती हाताने ढकलू नका. आतली दातेरी चाकं प्लॅस्टिकची असतात. दात तुटला की तो भाग नवा मिळणं कठीण, दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातून काढावा लागतो. अशा जुन्या भागाची हमी आम्ही देत नाही, आमच्या कामाची देतो.

फोटो जांभळट, रेघारेघांचे येतात, किंवा काळेच? पण जुने फोटो आणि मेनू स्वच्छ दिसतात? मग दोष बहुतेक सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा. सोनीच्या सीसीडी नावाच्या प्रकारातल्या काही सेन्सरमधला असा दोष ऑक्टोबर २००५ मध्ये जाहीर झाला होता. उष्ण, दमट हवेत आतल्या बारीक तारांचे जोड सुटत. तेच सेन्सर कॅनन, निकॉन, फुजीच्या काही कॅमेऱ्यांतही होते, आणि तेव्हा कंपन्यांनी फुकट दुरुस्ती करून दिली. आज असा कॅमेरा आला, तर खर्च करू नका असंच आम्ही सांगतो. धंद्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचं नाही, पण तरी.

व्हिडिओ पाहून स्क्रूड्रायव्हर हातात घेणाऱ्यांना विनंती: फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट असतात, आणि बॅटरी काढली तरी ते लगेच जात नाहीत.

लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं, तर ती बुरशी. लवकर आणलीत तर निघते. काचेवरचा लेप तिने खाल्ला असेल, तर डाग राहतो. कॅमेरा चामड्याच्या पाकिटात नको, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.

येताना चार्जर आणा. बॅटरी फुगून अडकली असेल, तर ओढू नका, तशीच आणा. कार्डातले फोटो मात्र आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.