अंडी पोटात परत घेणारं झुरळ

मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंतच्या दमट जंगलांत, पोकळ झाडांच्या ढोलीत आणि वटवाघळांच्या गुहांत एक झुरळ राहतं. ब्लॅबेरस जायगँटियस. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने 1758 साली त्याची नोंद केली. मादी 9-10 सेंटीमीटरपर्यंत वाढते. पंख फिकट तपकिरी, डोक्यावरच्या ढालीवर काळा डाग. कुजका पाला, गळालेली फळं, वटवाघळांची विष्ठा, काहीही चालतं.

नावात 'महाकाय' असलं तरी वजनाचा मान ऑस्ट्रेलियातल्या गेंडा-झुरळाकडे जातो. ते 30 ग्रॅमच्या वर भरतं. पण आकारापेक्षा नवलाची आहे ती या झुरळाची वीण.

आपल्या मोरीतलं झुरळ अंड्यांची डबी, छोट्या राजम्यासारखी दिसणारी, एक-दोन दिवस शेपटाशी वागवतं आणि कपाटामागे चिकटवून निघून जातं. ब्लॅबेरसची मादीही डबी बाहेर काढते, पण टाकत नाही. ती डबी आडवी फिरवते आणि पुन्हा पोटात, खास पिशवीत ओढून घेते. तिथे ती साधारण दोन महिने सुरक्षित राहते. मग थेट पिल्लंच बाहेर पडतात. पांढरी, मऊ, काही तासांत काळपटणारी. पंख नसलेली ही पिल्लं मातीत नाहीतर विष्ठेच्या थरात घुसतात.

अंडी पोटातल्या पिशवीत वाढवण्याची ही रीत ब्लॅबेरिडी कुळाची. मादागास्करचं फुसफुसणारं झुरळ याच कुळातलं, गेंडा-झुरळही. गेंडा-झुरळाची आई तर जमिनीखालच्या बिळात पिल्लांसोबत महिनोन्महिने राहते आणि त्यांच्यासाठी निलगिरीची वाळकी पानं ओढून आणते. झुरळाबद्दल माया वाटावी असं इतकं काही मी तरी दुसरं वाचलेलं नाही!

याच कुळातली डिप्लॉप्टेरा पंक्टाटा ही झुरळाची जात आणखी पुढे गेली. तिच्या पिशवीच्या भिंतीतून दूध पाझरतं आणि आतली पिल्लं ते पितात. पिल्लाच्या आतड्यात त्यातल्या प्रथिनांचे स्फटिक तयार होतात. 2016 साली बेंगळुरूच्या इनस्टेम संस्थेतल्या शास्त्रज्ञांसह एका गटाने त्यांची रचना उलगडली. तेवढ्याच वजनाच्या म्हशीच्या दुधापेक्षा या स्फटिकांत तिपटीहून जास्त ऊर्जा निघाली, आणि 'झुरळाचं दूध' या नावाने बातम्या रंगल्या. हे झुरळ दोहता मात्र येत नाही. स्फटिक मिळवायचे तर न जन्मलेल्या पिल्लाचं आतडं कापावं लागतं.