सिग्नलला गप्प होणारं इंजिन

पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला ब्रेक दाबून थांबलं की माझ्या गाडीचं इंजिन गप्प होतं. एसीचा पंखा फिरतो, पण कॉम्प्रेसर थांबलेला. मे महिन्यात मिनिटभरात हवा कोमट, मग ब्रेकवरचा पाय हललेलाही नसताना इंजिन पुन्हा घरघरतं. बाणाच्या वेटोळ्यातलं 'ए' असलेलं बटण दाबून हा 'स्टार्ट-स्टॉप' प्रकार बंद करावा, तर दुसऱ्या दिवशी गाडी सगळं विसरलेली.

सिग्नलला इंजिन बंद करणं आपल्याला नवं नाही. चेतकवाले हेच करायचे, फक्त हिरवा पडायच्या आत किक लागेल याची खात्री नसायची. गाडीनं ते आपणहून करावं ही कल्पनाही जुनीच. १९७३ च्या तेलसंकटानंतर, सत्तरच्या दशकाच्या मध्यात, टोयोटानं क्राउनवर प्रयोग केला : गाडी दीड सेकंद उभी राहिली की इंजिन बंद. टोकियोच्या गर्दीत इंधन १० टक्के वाचलं. पुढे फोक्सवॅगन पोलो, फियाट रेगाटा यांवरही हे आलं, पण फारसं रुजलं नाही.

खरा रेटा आला तो युरोपच्या २००९ च्या कार्बन नियमांमुळे. तिथल्या तेव्हाच्या १,१८० सेकंदांच्या चाचणीत सुमारे पाव वेळ गाडी नुसती उभी असे. तेवढा वेळ इंजिन बंद ठेवलं की कागदावरचं मायलेज वाढलंच! आपली भारतीय चाचणी तिच्यावरच बेतलेली, फक्त वेग ताशी ९० किलोमीटरपर्यंत. आणि ती घेणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था कुठे, तर आपण सकाळी फिरायला जातो त्या वेताळ टेकडीवर.

भारतात २०१४ मध्ये हीरोच्या स्प्लेंडर आयस्मार्टवर, २०१५ मध्ये मारुती सियाझवर ही सोय आली. २०१७ पासून कंपन्यांना आपल्या सगळ्या गाड्यांची कार्बन डायऑक्साइडची सरासरी किलोमीटरला १३० ग्रॅमच्या आसपास ठेवणं भाग पडलं, २०२२ पासून ११३. बटणाचा विसरभोळेपणा यातूनच आलेला. चाचणीत गाडी सुरू होताना असते तशीच मोजतात. बंद केलेलं तिनं लक्षात ठेवलं, तर वाचवलेल्या ग्रॅमांवर हक्क कसा सांगणार?

खर्चाची बाजू बॅटरीपाशी कळते. सारख्या स्टार्टला साधी बॅटरी टिकत नाही, सतत चालू-बंद सोसणारी, ईएफबी किंवा एजीएम प्रकारची लागते, आणि ती बरीच महाग. बॅटरी थकली की गाडी सिग्नलला इंजिन बंद करणंच सोडून देते. माझ्या शेजाऱ्यांना वाटलं, गाडी सुधारली.